देवाकडून बक्षिसाची इच्छा धरणं ख्रिस्ती माणसासाठी पाप आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं नेमानं उपासनेला जाता, उपवास करता, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देता, आणि नोकरी लागली ती मंडळीत कधी पाऊल न टाकणाऱ्या चुलतभावाला. पाळक म्हणाले, बक्षिसासाठी देवावर प्रेम करायचं नसतं. मग बायबलात जागोजागी प्रतिफळाची वचनं कशाला, आणि मनात अशी इच्छा आली तर ते पाप का?

माझ्या मते पाप नाही. मी काही पाळक नाही. यवतमाळ जिल्ह्यात सहा एकर कोरडवाहू वावर आहे आणि घर आजोबांपासून ख्रिस्ती आहे, एवढाच माझा अधिकार.

हा प्रश्न येशूचा शिष्य पेत्र यानंही विचारला होता. मत्तयानं लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात तो येशूला सरळच म्हणतो, आम्ही सगळं सोडून तुमच्या मागं आलो, आम्हाला काय मिळणार? येशू त्याला रागावत नाही. उलट घरं, भाऊबहिणी, शेतं सोडणाऱ्याला कितीतरी पट मिळेल असं सांगतो. मार्कानं आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट लिहिताना ‘छळणुकीसह’ असंही नोंदवलंय. तालुक्याला मांडव टाकून ‘शंभर पेरा, दहा हजार उचला’ सांगणारे प्रचारक नेमका तोच शब्द गिळतात. (पेरलं की उगवतंच असं ज्याला वाटतं, त्यानं मृगानंतर पाऊस दडी मारतो तेव्हा एकदा आमच्याकडं यावं. दुबार पेरणी दाखवतो.)

पण येशूचं उत्तर तिथं संपत नाही. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले, म्हणून आपण २०वा अध्याय सुटा वाचतो. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला खरं तर पेत्रालाच दिलेलं पुढचं उत्तर आहे. मालक पहाटे मजूर आणतो, दिवसाचा एक दीनार ठरवून. मग आपल्या घड्याळानं नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला, दिवस मावळायला तासभर उरला असताना. संध्याकाळी शेवटून वाटप सुरू होतं आणि सगळ्यांच्या हातावर एकच दीनार. पहाटेचे कुरकुरतात.

आमच्या मंडळीत हा दाखला कोणालाच पचत नाही. निंदण रोजानं असतं, पण कापूस वेचणी किलोवर. संध्याकाळी बांधावरच्या बाभळीला काटा टांगतो. एकेकीचं गाठोडं हुकाला लागतं आणि काटा थांबेपर्यंत कोणी बोलत नाही. मी वहीत मांडतो: ३८, ४१, २७. काही बाया उजाडायच्या आतच पराटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, शिरतात, कारण दवानं भिजलेला कापूस जड भरतो. हे मला माहीत असतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असतं. त्यावर कोणी काही बोलत नाही.

आपली बरीचशी भक्ती अशीच दवातली. मत्तय ६ मध्ये येशू चारचौघांना दिसावं म्हणून दान आणि प्रार्थना करणाऱ्यांबद्दल म्हणतो, त्यांना त्यांचं फळ मिळून चुकलं. चर्चमधल्या एका कापणीच्या सणाला, वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात मी एक कोहळं १,१०० रुपयांना सोडवलं. भाजी घरात कोणी धड खाल्ली नाही, पण भोंग्यावरून माझं नाव दोनदा पुकारलं गेलं. झाली माझी वसुली. मात्र त्याच अध्यायात हेही आहे की गुप्तात पाहणारा पिता फळ देईल. म्हणजे फळाची आशा येशू काढून घेत नाही, ते कोणाकडून घ्यायचं तेवढं विचारतो.

तारणाचं, म्हणजे पापातून सुटकेचं, म्हणाल तर ते या हिशोबातच येत नाही. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात प्रेषित पौलानं ते फुकटचं दान म्हटलंय. कामाचं प्रतिफळ वेगळं, त्याबद्दल पौलाच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राचा ३रा अध्याय वाचा.

आता माझं सांगतो. २०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळी आली. वरून बोंड हिरवंगार, नखानं फोडलं की आत कवडी पडलेला पिवळट कापूस, पोखरलेली सरकी आणि तिच्यात वळवळणारी अळी. त्याआधीच्या वर्षी मी पै-पैचा दशांश दिला होता. शेजाऱ्यानं त्या साली कापूस सोडून सोयाबीन पेरलं होतं. त्याचं घर तरलं, आणि तो देवाचं नावही घेत नाही. मी चार महिने चर्चची पायरी चढलो नाही. खरं सांगायचं तर माझ्या पराटीपेक्षा त्याचं सोयाबीन जास्त जाळत होतं.

आईनं तेव्हा एकदाच विचारलं, “देवानं तुले लिहून देल्लं होतं काय रे बाप्पा? मंग त्याच्यावर काहून जळतं?”

त्यानंतर तो दाखला मी पुन्हा वाचला. पहाटेच्या मजुरांचा ठराव होता, आणि तो पूर्ण पाळला गेला. नंतरचे ‘रास्त असेल ते देईन’ एवढ्या शब्दावर गेले. पाचवाजेवाल्यांना तर पैशाचा शब्दही नव्हता. दिवसभर का उभे राहिलात विचारल्यावर ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावरच घेतलं नाही. सकाळी मजुरांचा ऑटो भरून निघून गेल्यावर आमच्या चौकात जे म्हातारे आणि किरकोळ पोरं उरतात, तेच हे.

मी मात्र देवाशी असा ठराव करून बसलो होतो ज्यावर त्याची सहीच नव्हती. ही आमची जुनी सवय. आजोबांनी देव सोडले, नवस सोडला नाही. ‘पोरगं पास होऊ दे, चर्चला पंखा देईन.’ आमच्या चर्चमध्ये असे तीन पंखे आहेत, तिन्हींवर नावं.

तेव्हा नोकरी मागा, बिनधास्त मागा. रोजची भाकर मागायला तर प्रभूनंच शिकवलंय. फक्त मागताना सहा वर्षांची हजेरीवही पुढं करू नका. चुलतभावाची नोकरी तुमच्या दीनारातून कापून दिलेली नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात, उधळ्या मुलाच्या दाखल्यातला घरीच राहिलेला थोरला मुलगाही असंच मोजतो: इतकी वर्षं चाकरी केली, एक करडूसुद्धा दिलं नाही. बाप म्हणतो, पोरा, तू सदा माझ्याजवळच आहेस, माझं ते सगळं तुझंच आहे. हे उत्तर थोरल्याला पुरलं की नाही, मला सांगता येणार नाही. मलाही रोज पुरत नाही. वेचणीच्या दिवसांत तर मुळीच नाही.

दशांश बंद करू का, असंही तुम्ही विचारलंय. मी त्या चार महिन्यांत केला होता. नंतर सुरू केला, पण पाकिटावर नाव न लिहिता. खजिनदार आता दर वर्षी बाजूला घेऊन विचारतात, “भाऊ, यंदा तुमच्याकडून काही आलं नाही?” मी म्हणतो, पाहू.