मुलगा ९ वर्षांचा आहे, बोलत नाही, एआयवालं पॅकेज घेऊ का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, पाच-सहा शब्दांपलीकडे बोलत नाही, आणि एका सेंटरवाल्यांनी एआयवर चालणारं वर्षभराचं पॅकेज घ्या म्हणून सांगितलंय. मी नागपुरातच स्पेशल एज्युकेटर आहे, १४ वर्षं झाली, म्हणून जरा मोठं लिहिते.

पॅकेजचे पैसे आत्ताच भरू नका. तुमच्या मुलाला आधी पाहिजे स्वतःचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं साधन, आणि त्या साधनाला एआय लागतच नाही. त्याला एएसी म्हणतात, बोलण्याला जोड किंवा पर्याय देणारं साधन, आपल्या कामापुरतं म्हणजे स्क्रीनवर चित्रं असतात, चित्रावर बोट ठेवलं की फोन तो शब्द बोलतो, बस एवढंच. जेलो नावाचं ॲप आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात तयार झालंय, फुकट आहे, मराठीतही आहे. आवाज नावाचं ॲप चेन्नईचं आहे, ते विकतचं आहे पण शब्दसंग्रह बराच मोठा आहे. सुरुवात जेलोवर करा, काही खर्च नाही.

घरातली मोठी माणसं म्हणतील की मोबाईलच बोलायला लागला तर पोरगं तोंड कशाला उघडेल. ही भीती मी प्रत्येक घरात ऐकली आहे आणि ती प्रेमातूनच येते, पण यावर जे अभ्यास झालेत त्यात एएसीमुळे मुलांचं बोलणं कमी झालं असं दिसलेलं नाही, उलट काही मुलांचं थोडं वाढलेलंच दिसलं.

आता खरी मेहनत. ॲप हातात दिलं आणि तो दाबत नाही म्हणून महिन्याभरात बंद केलं असं खूप घरी होतं. अहो, बाळ बोलायला लागायच्या आधी वर्षभर आपण त्याच्याशी बोलत असतो ना, तसंच इथे. आधी तुम्ही दाबायचं. जेवायला वाढताना 'जेवण' दाबा, बाहेर निघताना 'बाहेर' दाबा, आणि त्यानं पण दाबावं म्हणून त्याचा हात धरू नका, फक्त दिसू द्या. कित्येक आठवडे तो नुसता बघेल, कधी बघणारही नाही, तरी चालू ठेवा.

आणि एक गोष्ट जी मला कोणत्याच ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितली नव्हती. माझ्याकडे सक्करदऱ्याकडचा एक मुलगा होता, घरी सगळे 'मले पानी पायजे' असं बोलणारे, आणि ॲप म्हणायचं 'मला पाणी हवे आहे', तेही बातम्या वाचल्यासारख्या आवाजात. त्याला ते आपलं वाटतच नव्हतं, तो फोनकडे बघून निघून जायचा. मग आम्ही आवाज रेकॉर्ड करता येणारं ॲप घेतलं, त्याच्या आईच्या आवाजात, घरच्या बोलीत एकेक बटण भरलं. आईला लाज वाटत होती की शाळेत असं बोललेलं चालेल का. चालेल काय, तेच पाहिजे! पहिलं बटण आम्ही पाण्याचं नाही ठेवलं, 'नाई पायजे' हे ठेवलं. कारण न बोलणाऱ्या मुलाला दिवसभर सगळे काही ना काही देत असतात, करायला लावत असतात, आणि नको म्हणायला त्याच्याकडे रडणं नाहीतर चावणं एवढंच असतं. एके दिवशी सकाळी पोह्यावर तर्री टाकायला आईनं चमचा उचलला आणि त्यानं स्वतःहून बटण दाबलं, 'नाई पायजे'. आईनं मला फोन केला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं.

फोनचं म्हणाल तर जमलं तर बोलायचा टॅबलेट वेगळाच ठेवा, जुना असला तरी चालेल, त्यात यूट्यूब नको. दुसरा नसेल तर ॲप पिन करायची, म्हणजे स्क्रीनवर तेच ॲप अडकवून ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते ती चालू करा. आणि शिक्षा म्हणून तो टॅबलेट कधीच काढून घेऊ नका, तो त्याचा आवाज आहे, रागावलो म्हणून आपण कोणाचं तोंड बांधतो का? आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला टॅबलेट तापून बंद पडतात, त्यामुळे त्याच चित्रांचा एक कागद लॅमिनेट करून पिशवीत ठेवाच.

मग एआय कुठे? माझ्या मते सध्या ते मुलासमोर नाही तर आपल्या टेबलावर कामाचं आहे. मागे तान्हा पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणासाठी, मी चॅटबॉटकडून एक सोशल स्टोरी लिहून घेतली, म्हणजे उद्या काय होणार, आवाज होईल, तेव्हा काय करायचं, असं छोट्या छोट्या वाक्यांत. पाच मिनिटांत मिळाली, नाहीतर माझी अख्खी संध्याकाळ जाते. पण त्यात मुलं खऱ्या बैलांची पूजा करतात असं आलं होतं, लाकडी बैलाचा पत्ताच नाही, आणि त्याच दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीतले ढोल, गर्दी, ज्याची आमच्या पोरांना खरी भीती, त्याचं एक अक्षर नाही. ते सगळं मी बदललं, घरच्या बैलाचा फोटो लावला, मग ती कामाची झाली. तुम्हीही करून बघा, दवाखान्यात जायचं, केस कापायचे, मेट्रोत बसायचं, अशासाठी. फक्त मुलाचं नाव, फोटो, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळख कार्ड, डॉक्टरांचे रिपोर्ट त्यात टाकू नका.

बोलून टाइप करण्याबद्दलही लोक विचारतात. गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे, डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे लिहिता-वाचताना अडखळणाऱ्या मुलांना त्याचा खूप आधार होतो, तरी आपल्या बोलीत 'करून राह्यली' म्हटलं की कधी कधी भलतंच उमटतं. तुमच्या मुलासारखे शब्द अर्धवट असले तर ते अजून चुकतं, म्हणून त्यावर आत्ता वेळ घालवू नका.

त्या सेंटरवाल्यांना मात्र नीट विचारा. इंटरनेट गेलं तर चालतं का, मराठीत आहे का, वर्ष संपल्यावर मुलानं शिकलेली बटणं राहतात की जातात, त्याच्यासोबत माणूस कोण बसणार, आणि कॅमेऱ्यात त्याचं रेकॉर्डिंग होत असेल तर ते कुठे जातं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी असं म्हटलंय, तेव्हा विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आमचा एआय चेहरा बघून भावना ओळखतो असं कोणी म्हणत असेल तर त्यावर पैसे घालू नका. आमची काही मुलं दुखलं तरी हसतात, त्यांचा चेहरा आईला वाचता येतो, मशीनला नाही.

पैसे टाकायचेच असतील तर चांगल्या स्पीच थेरपिस्टवर टाका. नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं केंद्र आहे, तिथे जाऊन तपासणी करून घ्या. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय विमा योजना ऑटिझमला लागू आहे, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर असतं, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

या आठवड्यात फक्त आठ बटणं करा. नाई पायजे, अजून, थांब, दुखतं, बाहेर, आई, आणि दोन त्याच्या आवडीची, मग ती पंख्याची असोत की मेट्रोची. ॲपमध्ये रेकॉर्ड करता येत असेल तर आवाज तुमचाच ठेवा. आणि त्याला चित्र आणि वस्तू जुळवता येतात का, बोट एकाच जागी नीट ठेवता येतं का, हे मला कळवा, कारण बटणं केवढी मोठी ठेवायची ते त्यावर ठरेल.