मोठ्या आजारातून उठल्यावर सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) आभाराची प्रार्थना कशी म्हणतात?

या प्रार्थनेचं नाव 'बिर्कत हगोमेल'. समुद्र पार केलेला, वाळवंट ओलांडलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला अशा चौघांनी आभार मानावेत, असं तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो; आधार बायबलमधल्या स्तोत्र 107 चा. हे आभार एकट्याने घरी मानायचे नाहीत. दहा प्रौढांचा मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेचा गट, लागतो (परंपरावादी ऑर्थोडॉक्स मंडळींत फक्त पुरुष मोजतात, सुधारणावादी रिफॉर्ममध्ये स्त्रियाही).

सोमवारी, गुरुवारी किंवा शब्बाथला (शनिवारी) सकाळी तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) वाचतात, ती वेळ सोयीची. गब्बाईला (सिनेगॉगमधली व्यवस्था पाहणाऱ्याला) आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो तुम्हाला वाचनासाठी वर बोलावेल. वाचनानंतरचा आशीर्वाद संपला की उभ्यानेच हगोमेल म्हणा. अर्थ साधारण असा: 'पात्रता नसतानाही जो भलं करतो, त्याने माझंही सारं भलं केलं.' मग सगळे म्हणतात, 'ज्याने तुझं भलं केलं, तो पुढेही तुझं भलंच करो.' मला तर हे उत्तरच या विधीचा प्राण वाटतं. पुष्कळदा लोक नुसतं 'आमेन' म्हणून थांबतात, कारण पुढचे शब्द पाठ नसतात. सिद्दूरमधलं (प्रार्थनापुस्तकातलं) ते पान शेजाऱ्याला आधीच उघडून द्या.

घाई मात्र नको. अंथरुणातून उठून नेहमीसारखं चालता-फिरता येऊ लागल्यावरच म्हणा. आणि आजारपणात 'मी शेबेराख' या आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेच्या यादीत तुमचं नाव आईच्या नावासह घातलं असेल, तर ते काढायलाही गब्बाईला सांगा. बऱ्याचदा ते तसंच राहून जातं.