स्लरी विकून पॉलिसीचा हप्ता भरायचा?

पत्र बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या वाचकाचं आहे. वय 57, पुढच्या मार्चअखेर निवृत्ती. काटोलजवळ चार एकर संत्रा, तो मोठे भाऊ पाहतात. गोठ्यात पाच जनावरं आणि दोन घनमीटरचा गोबरगॅस. त्याची स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेला पातळ शेणकाला, सध्या नाल्याकडे सोडली जाते. एका विक्रेत्यानं ती गाळून, वाळवून पोत्यात भरायचं 6 लाखांचं युनिट दाखवलं. तयार खत 12 रुपये किलोनं परत घेऊ, असंही सांगितलं. 11 हजार टोकन देऊन झालंय. बाकीच्यासाठी 9 लाखांची एफडी मोडू का, हा प्रश्न. आणि ता. क. मध्ये एक ओळ: "यातून पॉलिसीचा वर्षाचा 2 लाखांचा हप्ता तरी सुटेल."

एफडी मोडू नका. टोकन परत मिळालं तर मिळालं, नाहीतर 11 हजारांत सुटलात.

विक्रेत्याचा हिशेब असा: रोज 100 किलो स्लरी, 365 दिवस, 12 रुपये किलो. झाले 4 लाख 38 हजार. त्या शंभर किलोंत नव्वदहून जास्त पाणीच आहे हो! तुम्ही 50 किलो शेण टाकता, तेवढंच पाणी. शेणात कोरडा माल दहाएक किलो, त्यातला काही गॅस होऊन शेगडीत जळतो. बाहेर येतात सातेक किलो. वर्षाचे अडीच टन, थोडा ओलावा धरून साडेतीन. 12 रुपयांनी 42 हजार, आणि त्यातून वीज, मजूर, पोती वजा. शिवाय खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेश, 1985 लागू: निकष, लेबल, परवाना. गोबरधन योजनेतल्या प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला केंद्रानं 2023 मध्ये विक्रीसाठी मदत जाहीर केली ती टनाला 1,500 रुपये, म्हणजे किलोला दीड रुपया. तुमच्याकडून कोणी 12 रुपयांनी का घेईल, हे त्या विक्रेत्याला विचारा. उत्तर लेखी मागा.

पण मला खरी चिंता त्या ता. क. ची आहे.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही बँकेत एफडीचं नूतनीकरण करायला गेलात आणि हातात विमा पॉलिसी घेऊन बाहेर पडलात. वर्षाला 2 लाख, दहा वर्षं. पंधराव्या वर्षी 28 लाख. काउंटरवर "8 लाखांचा फायदा" म्हणून सांगितलं गेलं. पैसे अडकून पडण्याचा काळ धरला तर हा परतावा वर्षाला सव्वातीन टक्क्यांच्या आसपास पडतो. हेच हप्ते साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकले असते तर त्याच दिवशी 39 लाख झाले असते. आणि 55 व्या वर्षी, 58 ला पगार थांबणाऱ्या माणसाच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता बांधायचा? हे विकणाऱ्याला वय मोजता येत नव्हतं असं मी मानत नाही. टार्गेट मोजता येत होतं.

आता निवृत्तीनंतरचं चित्र पाहा. पीएफचे 28 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी वर्षाला 2 लाख 30 हजार, महिन्याला 19 हजार. 58 व्या वर्षीही ही योजना मिळते, मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडा. ईपीएसची पेन्शन तुम्ही सात हजार लिहिली आहे. झाले 26 हजार. हप्त्याचे महिन्याला पडतात पावणेसतरा. उरलेल्या साडेनऊ हजारांत नागपुरात दोघांचा महिना काढायचा. तो निघत नाही हे तुम्हाला दिसलंय, म्हणून स्लरीत 4 लाख दिसू लागले.

"पण 4 लाख भरून झालेत" असं म्हणाल. ते बाजूला ठेवा आणि उरलेल्या आठ हप्त्यांचाच हिशेब करा. पुढचा परतावा पाच-सहा टक्के निघतो. वाईट नाही, पण उपाशी राहून मिळवावा एवढा चांगलाही नाही. जूनच्या तिसऱ्या हप्त्याआधी विमा कंपनीला ईमेल करून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी मोडली, तर हातात किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती तशीच ठेवली, तर मुदतीला किती. ते आल्याशिवाय काही भरू नका. बँकेत जाऊन विचारू नका. तिथं पुन्हा चहा मिळेल आणि आणखी एखादा फॉर्म.

त्याच वेळी प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा. उत्पन्न आणि नोकरीच्या रकान्यात काय भरलंय ते पाहा, निवृत्तीचा उल्लेख आहे का तेही. फ्री-लूकची, म्हणजे नको असलेली नवी पॉलिसी परत करायची, मुदत कधीच संपली, पण चुकीची माहिती देऊन विकल्याची तक्रार करता येते. आधी कंपनीकडे, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही. एफडीच्या नूतनीकरणाचा त्या दिवशीचा एखादा कागद सापडला तर जोडा, त्यानं फरक पडतो. सगळे पैसे परत येतीलच असं धरून मात्र काही ठरवू नका.

एफडीला हात लावू नका हे आणखी एका कारणासाठी. तुम्हाला शुगर आहे आणि मेडिक्लेम कंपनीचा आहे, म्हणजे तो मार्चमध्ये जाणार. स्वतःची आरोग्य पॉलिसी आत्ताच काढा. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, ती पगार चालू असतानाच मोजायला लागू दे. फॉर्मवर शुगर लपवू नका.

राहिली स्लरी. तिच्यासाठी 6 लाख लागत नाहीत. भाऊंना म्हणावं, नाल्यात सोडू नका आणि उन्हात पसरून वाळवूही नका, त्यात अमोनियाच्या रूपानं नत्र उडून जातं. कुटार, पालापाचोळा टाकलेल्या खड्ड्यात मुरू द्या किंवा ओलीच पाटाच्या पाण्याबरोबर बागेत जाऊ द्या. ठिबकमधून सोडायची तर नीट गाळून, नाहीतर नळ्या बंद पडतील. झाडाच्या घेराच्या कडेनं द्या, बुंध्याला लागू देऊ नका. डिंक्याला, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायच्या रोगाला, तेवढंच निमित्त पुरतं. वर्षाला सहा ट्रॉली शेणखत चार हजारांनी घेता म्हणता. त्यातल्या दोन-तीन ट्रॉली वाचतील, म्हणजे दहाएक हजार रुपये. खड्डा खणायची मजुरी पहिल्याच हंगामात निघेल.