थंडी, भिंत आणि एक अक्षर

मी समुपदेशक. डिसेंबर उजाडला की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. 'घराचं काम काढायचंय, पण थंडीत अंगात उत्साहच येत नाही.' कुणाची गच्ची राहिलेली असते, कुणाचा माळा, कुणाच्या बाथरूमचा नळ गणपतीपासून ठिबकत असतो. या गोष्टीसाठी मुद्दाम कुणी येत नाही. आलेले असतात दुसऱ्याच कामाला आणि निघताना दाराशी थांबून विचारतात, 'मॅडम, एवढा आळस बरा का हो?'

नाशिकची थंडी बोचते, कबूल. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की सगळं शहर आणखी अर्धा तास पांघरुणात राहतं. तरी डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा आपल्याकडे जवळपास 11 तासांचा असतो. लंडनमध्ये तो 8 तासही भरत नाही. उजेडाअभावी मन मिटून जाणं हा तिकडचा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे दुपारी बाराला स्वेटर काढून ठेवावा लागतो. त्यामुळे 'थंडीमुळे' हा शब्द ऐकला की मी कान टवकारते.

मागे एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) वय पंचेचाळीसच्या आसपास, अंबडच्या एमआयडीसीत कायम दुसरी पाळी. दुपारी अडीचला घर सोडायचं, रात्री बाराला परत. बाहेरच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीचे पोपडे निघत होते, खाली लोणा धरला होता, आणि हे चार हिवाळे चाललं होतं. तयारी मात्र जय्यत. दोन रंगाऱ्यांची कोटेशनं, शेडकार्डं, सगळं एका फाइलीत.

"काम कधी करायचं ठरवता?" मी विचारलं.

"रविवारीच. एकच सुट्टी."

"किती वाजता?"

"पहाटे पाचलाच उठायला पाहिजे. वडील गवंडीकाम करायचे. उन्हं वर आल्यावर कामाला हात लावणाऱ्याला ते कामगारच मानत नसत. आणि काढलं की पुरंच करायचं. अर्धवट मला चालतच नाही."

"मग अडतं कुठं?"

"गजर होतो, बाहेर नऊ-दहा अंश. मनच होत नाही."

पत्नी म्हणाल्या, "आणि मग दिवसभर चिडचिड. जेवायलासुद्धा त्या भिंतीकडे पाठ करून बसतात."

मी कागदाच्या कडेला काड्या ओढत होते. कागद त्यांच्यापुढे फिरवला.

"हे काय?"

"तुमचे 'च'. सात झाले. सुट्टी खरंच एक आहे, त्याला सूट दिली तरी सहा उरतात."

पत्नी हसल्या. ते नाही हसले. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर घडलेली. 'हवंसं वाटणं' आणि 'झालंच पाहिजे' यांतला फरक ते 1955 पासून आयुष्यभर सांगत राहिले. इंग्रजीत तो समजवायला त्यांना पुस्तकं लिहावी लागली. आपल्याकडे हट्टाला स्वतंत्र अक्षरच आहे. (हाही एक 'च', माझा.)

"सोमवार ते शनिवार दुपारी बारा ते दोन काय करता?" मी विचारलं.

बराच वेळ काही नाही. पंख्याकडे पाहिलं, फाइलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मोबाईल बघतो."

"त्यात काय बघता?"

"भिंत कशी रंगवायची, त्याचे व्हिडिओ."

आता मात्र तेही हसले. मला त्या क्षणी जे दिसलं ते मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं आहे. या माणसाला आळस नव्हता, थंडीही आडवी आलेली नव्हती. अख्ख्या आठवड्यातली सर्वांत गार वेळ शोधून त्यांनी कामाची परवानगी स्वतःला तेवढीच दिली होती. उबदार दुपारी रोज रिकाम्या जात होत्या.

गृहपाठ दिला: भिंतीचा उघडलेल्या वर्तमानपत्राएवढा तुकडा खरवडायचा, दुपारी, वीस मिनिटं. पुढचं जास्त अवघड होतं. काम अर्धवट सोडून पाळीला जायचं.

"आणि उत्साह नसला तर?"

"उत्साहाशिवाय खरवडा. पाळीला जाताना असतो का?"

पुढच्या वेळी मोबाईलवर फोटो घेऊन आले. डिस्टेंपरखाली हिरवा रंग, त्याखाली निळा, मग चुना, आणि मधेच खरवडायच्या पत्तीचा ओरखडा. "अकरा वाजेपर्यंत डोक्यात ती भिंत होती मॅडम. अस्वस्थ वाटलं. पण चिडचिड नाही झाली." त्यांना स्वतःला हा फरक टिपता आला, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. त्यानंतर पाच दिवस त्यांनी पत्तीला हात लावला नाही. सहाव्या दिवशी लावला. मला ते पुरेसं वाटलं.

विचारणाऱ्यांना मी आणखी एक सांगते: भिंतीसाठी आपल्याकडे हाच मोसम. चार महिने पाऊस प्यायलेली भिंत दिवाळीपर्यंत कुठं जेमतेम सुकते; ओलीवर घाईने रंग मारला की फुगे येतात. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. मागे थेंब धरले तर ओल आहे, आणि ती येते कुठून हे आधी शोधा. या घरी बाहेरच्या गिलाव्याला तडा होता. तो बुजवल्याशिवाय आतला रंग म्हणजे पैसे पाण्यात. खरवडताना तोंडाला मास्क हवा, जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. आणि रंगारी दिवाळीआधी मिळत नाही, जानेवारीत मिळतो.

मात्र भिंतच काय, नातवंड, चहा, गाणं, कशातच गोडी उरली नाही, झोप-भूक उडाली, आणि असं दोन आठवडे चाललं, तर तो विषय निराळा. तिथं माझ्या वर्तमानपत्राएवढ्या तुकड्यावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 वर चोवीस तास असते.

भिंत फेब्रुवारीत झाली. खिडकीवरचा वीतभर पट्टा राहिला, रंग संपला म्हणून. तो तसाच ठेवून हे डबा घेऊन पाळीला गेले, हे सांगायला त्यांच्या पत्नीने मला फोन केला.