महालातून आलेलं इंजिन

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो पाहिले. तू विकत घ्यायला निघालेलं खेळण्यातलं निळं इंजिन देखणं आहे, यात वाद नाही. पण तू इंजिनाबद्दल चार ओळी लिहिल्यास आणि ते कुठून आलं याबद्दल दीड पान. १९३८ सालचं हॉर्नबी डब्लो (मेकानो या इंग्रजी कंपनीच्या हॉर्नबी गाड्यांतली छोट्या मापाची जात), महालात उतरलेल्या कुणा पाहुण्याने विकणाऱ्यांच्या आजोबांना दिलेलं, वगैरे. ग्वाल्हेरात खेळण्यातली जुनी गाडी विकायला निघाली की ती महालातूनच निघते, हे धरून चाल. शिंद्यांच्या जयविलास महालाच्या जेवणघरातली चांदीची आगगाडी इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टेबलावरच्या रुळांवरून ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून जायची, बाटली उचलली की थांबायची. त्यात माधवराव शिंदे महाराजांची दोन फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत दोनच फूट अंतर असलेली, ग्वाल्हेर लाइट रेल्वे. थेट श्योपूरपर्यंतची ती छोटी गाडी तर २०२० पर्यंत आपण डोळ्यांनी पाहिली. अशा गावात ही गोष्ट सहज खपते, आणि सांगणारा खोटं बोलत असतो असंही नाही. त्याला लहानपणापासून तेच सांगितलेलं असतं.

म्हणून गोष्ट ऐकून घे, चहा पी, आणि एवढंच विचार: मुंबईच्या दुकानाचं बिल आहे का? ते इंजिन हातात धरलेल्या मुलाचा एखादा जुना फोटो आल्बममध्ये आहे का? असेल तर ती गोष्ट कामाची. नसेल तर ती ऐकण्यापुरती, तिचे पैसे मोजायचे नाहीत.

आता इंजिन. त्याच्या अंगावर सर नायजेल ग्रेस्ली हे नाव आहे आणि केबिनच्या बाजूला ७ हा आकडा. तुझ्या दुसऱ्या फोटोत मोठी चाकं वरपर्यंत उघडी दिसतात. तारीख तिथेच ठरते. खरं इंजिन १९३७ साली इंग्लंडात बांधलं गेलं तेव्हा त्याचा नंबर होता ४४९८, आणि चाकांवर बाजूने पत्र्याची झालर होती. युद्धाच्या काळात देखभाल सोपी जावी म्हणून त्या जातीच्या इंजिनांच्या झालरी काढल्या. ७ हा नंबर मिळाला युद्धानंतर, त्याच्या मालक रेल्वे कंपनीने, एलएनईआरने, आपल्या इंजिनांना नवे नंबर दिले तेव्हा. मॉडेल करणाऱ्याला १९३८ साली हा नंबर स्वप्नातही दिसला नसता. युद्धापूर्वीच्या डब्लोवर ४४९८ आहे आणि झालरही आहे. तेव्हा तुझ्यासमोरचं इंजिन, खरं असलं तरी, युद्धानंतरचं. ते वाईट नाही. फक्त १९३८चं नाही, आणि भाव १९३८चा सांगितला जातोय.

ही रीत अंगवळणी पाड: मॉडेलला प्रश्न विचारण्याआधी त्याच्या खऱ्या इंजिनाला विचार. एलएमएस किंवा एलएनईआर अशी इंग्लंडातल्या रेल्वे कंपन्यांची अक्षरं १९२३च्या आधीच्या गाडीवर असूच शकत नाहीत, कारण त्या कंपन्याच तेव्हा नव्हत्या. ब्रिटिश रेल्वेची अक्षरं असली तर १९४८ किंवा त्यानंतरचं. जर्मन मालावर ‘यूएस झोन’ (अमेरिकेच्या ताब्यातला जर्मनीचा भाग) असं छापलेलं दिसलं तर ते युद्ध संपल्यानंतरच्या मोजक्या वर्षांतलं. कॅटलॉगवर मात्र आंधळा भरवसा नको. डचेस ऑफ अथॉल या डब्लो इंजिनाची जाहिरात युद्धापूर्वी झाली, पण ते दुकानात आलं युद्ध संपल्यावर. कुणी ‘युद्धापूर्वीची डचेस’ दाखवली की हसू आवरून ती खाली ठेव.

मग उलटं करून बघ. तुझ्या एकाही फोटोत खालची बाजू नाही, आणि लोक रंग देतात तो वरूनच. माझं निम्मं काम खालच्या बाजूने होतं. डब्लो १९५९ पर्यंत तीन रुळांवरच चालायचं, म्हणजे पोटाखाली मधल्या रुळावरून वीज घेणाऱ्या पट्ट्या हव्यात. त्या काढून दोन रुळांवर चालेल असं केलेलं इंजिन धावतं झकास, पण मूळ राहिलेलं नसतं. स्क्रू बघ. मायनस खाचेचा असेल तर बरं. स्टार स्क्रू दिसला तर कुणीतरी आत हात घातलाय. स्क्रूच्या डोक्याची खाच ओरबाडलेली असेल तरी तेच.

ओ गेजच्या, म्हणजे डब्लोपेक्षा मोठ्या मापाच्या, जुन्या हॉर्नबीत तर हे फार मजेशीर होतं. १९२० साली ती निघाली तेव्हा त्याच कंपनीच्या मेकानो या पत्र्याच्या पट्ट्यांच्या जोडखेळासारखीच नट-बोल्टने जोडलेली होती, आणि मेकानोचा बोल्ट असतो ५/३२ इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाच्या आट्यांचा. आपल्या बाजारात मिळणारा ४ मिलिमीटरचा नट त्यावर एखादा आटा सरळ चढतो, मग अडतो. जाडी जवळजवळ सारखी, आट्यांचं अंतर वेगळं. म्हणून नट हळूच बोटांनी फिरवून बघ. पान्याला हात लावायचा नाही. वस्तू अजून दुसऱ्याची आहे.

पुढे पत्र्याची गाडी पाहशील तेव्हा रंगाची परीक्षा पत्र्याच्या कानांपाशी कर. भाग जोडताना ते कान एकदाच वाकवलेले असतात, आणि वाकल्या जागी मूळ रंगाला बारीक तडा जातो. तिथे रंग अखंड, गुळगुळीत दिसला तर तो नंतर चढवलेला. झीज कुठे आहे तेही बघ. हात लागतो तिथे, चाकांच्या धावेवर, चावीच्या भोकाभोवती ती हवी. छपराच्या मधोमध खरवडा आणि कडा कोऱ्या, हे पॉलिश पेपरचं काम. रंग दिला म्हणून वस्तू भ्रष्ट होत नाही, सांगून विकली तर माझी तक्रार नाही. तरी मला स्वतःला रंग उडालेलं, पोचे आलेलं मूळ इंजिन नव्या रंगातल्या नवरदेवापेक्षा जास्त आवडतं.

जवळ काय ठेवायचं? सराफ्यात दहापट भिंग मिळतं, ते घे. एक छोटं लोहचुंबक: पत्र्याला चिकटतं, पितळेला आणि मॅझॅकला नाही. डब्लोचं अंग मॅझॅकचं, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव. त्यात शिशाची भेसळ राहिली असेल तर वर्षांनी ते फुगतं, तडकतं, शेवटी हातात चुरा येतो. युद्धापूर्वीच्या मालात हा रोग जास्त, आणि त्यावर इलाज नाही. बारीक माप घ्यायचं व्हर्नियर असेल तर उत्तम. ओ गेजचे रूळ ३२ मिलिमीटर अंतराचे. डब्लो आणि एचओ (छोट्या गाड्यांचं दुसरं एक माप) दोन्ही १६.५चे, म्हणून त्या दोघांत रूळ मोजून फरक कळत नाही, अंग मोजावं लागतं. डब्लो खऱ्या गाडीच्या १:७६, एचओ १:८७.

खोक्याबद्दल तू फार उत्साहाने लिहिलंस, आणि मला शंका तिथेच जास्त आहे. इंजिनाची नक्कल करणं कष्टाचं. खोकं कुणीही छापून आणतं. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर ते प्रिंटरचं. किराणा दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो, तो अंधारात खोक्यावर धर. पांढरा कागद लख्ख निळसर चमकला तर जपून, कारण कागदाला चमक देणारी ती रसायनं साधारण १९५० नंतर रुळली. मेकानोच्या पुष्कळ खोक्यांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत छपाईचा महिना-साल असतो. तो आधी शोध. साल इंजिनाशी जुळलं नाही तर खोकं दुसऱ्या इंजिनाचं.

किमतीचं मी सांगणार नाही. लिलावांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे बघ, मागितलेले नव्हेत. आणि विकणाऱ्या घरी कुणी म्हातारी बाई एकटी असेल, तिला काय हातात आहे ते माहीत नसेल, तर तिला आधी खरं काय ते सांग, मग भाव कर.

तूर्त तीन फोटो मागव: इंजिन उलटं करून, पुढची-मागची कपलिंग (डबे जोडायचे आकडे) जवळून, आणि खोक्याची चारही टोकं. ते येईपर्यंत बयाणा द्यायचा नाही, ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ असं म्हणाले तरी.

तुझा,
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला काका