इंग्लंडमध्ये एअरसॉफ्ट नव्यानं खेळायला लागलोय. चांगली टीम कशी शोधायची?

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या नकली बंदुकांनी खेळायचा लढाईचा खेळ. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नोकरीसाठी रीडिंगला आलात, भाड्याची बंदूक घेऊन दोनदा खेळून झालं, गाडी नाही, ओळखीतलं कुणी खेळत नाही. टीममध्ये शिरायचं तर आधी स्वतःची बंदूक घ्यावी की आधी टीम शोधावी?

मी म्हणेन, दोन्ही नको. आधी एक साइट, म्हणजे खेळाची जागा, धरा आणि तिथंच जात राहा.

नवीन माणूस दर रविवारी वेगळी साइट बघतो. एकदा जंगलातली, एकदा गोदामातली, एकदा मित्रानं सांगितलेली. दहा खेळ होतात, पण त्याला नावानं ओळखणारं कुणी भेटत नाही. इथल्या बहुतेक टीम म्हणजे एकाच साइटवर नेमानं येणारी पाच-दहा माणसं. त्यांची भरती जाहिरातीतून होत नाही. सलग तीन-चार वेळा तेच तोंड दिसलं, वागणं बरं वाटलं, की कुणीतरी आपणहून विचारतं, "पुढच्या वेळी येतोयस का? आमच्या गाडीत जागा आहे." गाडी नसलेल्या माणसासाठी टीमचा पहिला उपयोग हाच. साइट बहुधा गावाबाहेर रानात असतात, रविवारी तिकडची बस मिळेलच असं नाही, आणि साडेआठ-नऊला पोहोचावं लागतं. म्हणून साइट निवडताना मैदान किती भारी आहे ते नंतर बघा. घरून रेल्वे आणि टॅक्सी मिळून सव्वा तासात पोहोचता येतं का, ते आधी बघा.

एकाच साइटला चिकटण्याचं दुसरं कारण कायद्यात आहे. 2006 च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्टखाली, 1 ऑक्टोबर 2007 पासून, खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणं, आयात करणं किंवा बनवणं हा इंग्लंडमध्ये गुन्हा आहे. एअरसॉफ्टच्या खेळाडूंना त्यातून सूट आहे. पण आपण समोरच्या खेळाडूलाच विकतोय याची खात्री विकणाऱ्याला करावी लागते. त्यासाठी दुकानदार 'युकारा' नावाच्या खेळाडूंच्या यादीतला तुमचा क्रमांक तपासतात. तो मिळवायचा तर वय 18 पूर्ण हवं, नोंदणी असलेल्या साइटवर किमान 3 खेळ झालेले हवेत, आणि पहिल्या ते तिसऱ्या खेळात निदान 56 दिवसांचं अंतर हवं. फॉर्म साइटच भरून पाठवते. तीन रविवार तीन साइटवर घालवलेत तर तुमचे खेळ कुणी मोजायचे? पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगा, "मला युकारासाठी नोंद सुरू करायची आहे." न सांगता खेळलेला दिवस बऱ्याचदा धरला जात नाही. क्रमांक दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. आणि तो परवाना नव्हे, म्हणून पोलिसांना दाखवायला जाऊ नका.

क्रमांकाशिवाय जी मिळते ती दुरंगी बंदूक, म्हणजे निम्म्याहून जास्त भाग भडक निळा, हिरवा, नारिंगी वगैरे. अधीर माणूस ती घेतो, दोन महिन्यांनी पस्तावतो आणि काळा रंग मारायला निघतो. थांबा. दुरंगी बंदूक रंगवून खऱ्यासारखी करणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. सूट हातात नसताना ते करू नये. आठ आठवडे भाड्याच्या बंदुकीवर काढा. रेंटलवाल्याला कुणी हसत नाही. उलट जुने खेळाडू स्वतःची बंदूक हातात देऊन "घे, चालवून बघ" म्हणतात, आणि त्यातून तुम्हाला नेमकं काय हवं ते फुकटात कळतं.

आता मुख्य गोष्ट. टीम नव्या माणसात नेम बघत नाही. छर्रा लागला की तो माणूस आपणहून आऊट होतो का, ते बघते. पेंटबॉलमध्ये अंगावर रंग फुटतो, वाद मिटतो. इथं 6 मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा लागून खाली पडतो, पुरावा काही राहत नाही. जाड जॅकेटवर 40 मीटरवरून आलेला 0.20 ग्रॅमचा छर्रा कधीकधी जाणवतही नाही, फक्त 'टप्' असा बारीक आवाज येतो. धावताना, श्वास चढलेला असताना तो निसटतो. म्हणून सवय अशी लावा: शंका आली की आऊट. मोठ्यानं "हिट!" ओरडायचं, हात वर करायचा, खिशातलं लाल फडकं डोक्यावर धरायचं आणि चालू लागायचं. वाटेत कोण कुठं दडलंय ते बोलायचं नाही. मेलेला माणूस बोलत नाही. बंदुकीला लागलेला किंवा भिंतीवरून उडून आलेला छर्रा धरायचा की नाही, हे साइटगणिक बदलतं, म्हणून सकाळची सूचना दरवेळी ऐका, पाठ झाली असली तरी.

हीच गोष्ट उलट बाजूनं. तुम्ही नेम धरून मारला आणि समोरचा आऊट झाला नाही, तर "घे की हिट!" म्हणून ओरडू नका. बऱ्याचदा मधल्या फांदीनं छर्रा वळवलेला असतो. पुन्हा मारा. तरीही तोच प्रकार चालला तर जवळच्या मार्शलला (खेळावर देखरेख करणाऱ्या साइटच्या माणसाला) हळू आवाजात सांगा आणि विषय सोडा. रडीचा डाव खेळणारा लहानपणी गल्लीत ओळखू यायचा, तसा इथंही दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत होतो. त्याच्याशी भांडणारा मात्र अर्ध्या तासातच ओळखला जातो.

दुसरी परीक्षा सेफ झोनच्या, म्हणजे गोळी न झाडायच्या विश्रांतीच्या जागेच्या, दाराशी होते. मॅगझीन (छर्रे भरायची पेटी) काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही. एखादा छर्रा हॉप-अपच्या, म्हणजे छऱ्र्याला फिरकी देणाऱ्या भागाच्या, रबरात अडकून राहतो. मॅगझीन काढा, नेमून दिलेल्या जागी जमिनीकडे दोन-तीन गोळ्या झाडा, सेफ्टी लावा, नळीवर कापडी टोपी चढवा, मग आत या. आणि गॉगल फक्त सेफ झोनमध्येच काढायचा. धुकं धरलं म्हणून मैदानात क्षणभर वर केलेला गॉगल पाहिला की चांगली टीम त्या माणसाला पुन्हा विचारत नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं.

म्हणून पैसे पहिले डोळ्यांवर खर्च करा. पॉलिकार्बोनेटचा, युरोपीय मानक ईएन 166 चं 'बी' दर्जाचं चिन्ह असलेला, चेहऱ्याला चहूबाजूंनी बसणारा गॉगल घ्या. चष्मा असेल तर वरून बसतो का ते दुकानात घालून बघा. दुहेरी काच कमी धुकं धरते. जाळीच्या गॉगलवर धुकं मुळीच येत नाही, पण फुटलेल्या छऱ्र्याचे तुकडे जाळीतून आत येऊ शकतात, म्हणून डोळ्यांसाठी मी तो सुचवणार नाही. जाळी खालच्या अर्ध्या मुखवट्याला ठीक. तो मुखवटा मात्र घ्याच. छर्रा लागून समोरचा दात तुटणं या खेळात नवं नाही. नंतर घोट्याच्या वर येणारे बूट. अंगावरचे कपडे आत्ता घेऊ नका. टीमचा कपड्यांचा एखादा ठरावीक लष्करी छाप असतो, आणि हौसेनं घेतलेले दोनशे पौंडांचे कपडे मग कपाटात पडून राहतात.

रेंटलवर नेमबाजीचं एक कौशल्य शिकून घ्या, ते पुढं प्रत्येक बंदुकीवर चालतं. हॉप-अप छऱ्र्याला उलटी फिरकी देतो, त्यामुळे तो लांबवर सपाट जातो. 35-40 मीटरवरचं झाड धरा आणि मारा. छर्रा शेवटी वर उठत असेल तर हॉप जास्त झालाय, लवकर खाली पडत असेल तर कमी. सपाट जाऊन अगदी शेवटी झुकला की बरोबर. हॉप कमी-जास्त करायचं चाक स्वतः फिरवण्याआधी मार्शलला विचारा. बंदूक त्यांची आहे. छऱ्र्याचं वजन बदललं की हॉप पुन्हा लावावा लागतो. स्वतःची बंदूक आल्यावर 0.25 किंवा 0.28 ग्रॅमचे घ्या, वाऱ्यात कमी भरकटतात. 0.25 च्या एका किलोत 4000 छर्रे येतात, दोन खेळदिवस आरामात निघतात. जंगलातल्या साइटवर बहुधा जैवविघटनशीलच चालतात, पिशवीवर ते लिहिलेलं बघून घ्या.

सकाळी बंदुकीचा वेग मोजतात, त्याला क्रोनो म्हणतात. वेगावरून छऱ्र्याची ऊर्जा कळते. कायद्याची मर्यादा स्वयंचलित बंदुकीला 1.3 ज्यूल आणि एकेक गोळी मारणारीला 2.5 ज्यूल. साइटची मर्यादा त्याहून थोडी खाली असते. नेहमीच्या इलेक्ट्रिक बंदुकीला बहुतेक ठिकाणी 0.20 ग्रॅमवर सेकंदाला 350 फूट, म्हणजे सुमारे 1.14 ज्यूल. गॅस किंवा दाबाच्या हवेवर चालणाऱ्या काही बंदुका जड छऱ्र्यावर जास्त ऊर्जा देतात. त्यामुळे हलक्या छऱ्र्यावर पास होऊन खेळात जड घालणारे महाभाग असतात. एखादी टीम तुम्हाला ही 'युक्ती' शिकवू लागली तर तिथून निघा.

चौथ्या-पाचव्या खेळापर्यंत दोन-तीन गट तुमच्या नजरेत आलेले असतील. त्यांच्यात फरक असतो. काही म्हणजे नुसती मित्रमंडळी: टीमच्या नावाची एक पट्टी शिवून घेतली, टीम झाली. काही गोदामात धावपळीचा वेगवान खेळ खेळणारे. काही मिलसिमवाले, म्हणजे 24-36 तासांचे मोहीमवजा खेळ, मोजकी गोळी, रात्री रानात झोप. नवख्यानं मिलसिमच्या टीममध्ये लगेच शिरू नये असं माझं मत. खर्च जास्त, सुट्ट्या जास्त, आणि आवडलं नाही तर बाहेर पडताना अवघडल्यासारखं होतं. विचारायचे प्रश्न रोखठोक ठेवा: महिन्यातून किती वेळा खेळता, वर्गणी आहे का आणि ती कशावर खर्च होते, कुठलं सामान सक्तीचं, पेट्रोलचे पैसे कसे वाटून घेता, दोन महिने आलो नाही तर चालेल का. चांगली टीम तीन-चार खेळ नुसतं सोबत खेळून बघ म्हणते. पहिल्याच भेटीत पट्टी आणि टी-शर्टचे पैसे मागणारी टीम मला संशयास्पद वाटते.

साइटच्या फेसबुक गटावर लिहायचं असेल तर "टीम हवी आहे" एवढंच लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. असं लिहा (अर्थात इंग्रजीत): "येत्या रविवारी रेंटलवर येतोय, हा माझा तिसरा खेळ. वय 29, राहायला रीडिंग स्टेशनजवळ. गाडी नाही, पेट्रोलचा वाटा देईन. महिन्यातून दोन रविवार मोकळे असतात. कुणासोबत दिवसभर खेळता येईल का?" यात समोरच्याला हवं ते सगळं आहे, आणि मागणी फक्त एका दिवसाची आहे. एका दिवसाला नाही म्हणणं अवघड असतं. त्या दिवशी लवकर पोहोचा, जेवणाच्या सुट्टीत एकटे फोन बघत बसू नका. साइटवर बर्गर-बेकनचीच सोय असायची शक्यता जास्त, शाकाहारी असाल तर डबा न्या. थेपले चार जास्त न्या. ओळखी वाढतात, हे गंमत म्हणून सांगत नाही.

शेवटच्या शिट्टीनंतर टेबल आवरणं, रिकाम्या बाटल्या उचलणं, कुणाची हरवलेली मॅगझीन शोधायला मार्शलबरोबर परत मैदानात जाणं, ही कामं सांगायच्या आधी करा. साइट चालवणारी माणसं बहुधा सगळ्या टीमना ओळखतात. "तो मुलगा बरा आहे" हे त्यांचं एक वाक्य तुमच्या दहा पोस्टपेक्षा कामाचं.

टीममध्ये आल्यावर वायरलेसचा विषय निघेल. पुष्कळ जण स्वस्तातला बाओफेंग (चिनी वॉकी-टॉकी) घेतात. इथं परवान्याशिवाय चालतो तो पीएमआर 446, अर्ध्या वॉटचा, न निघणाऱ्या अँटेनाचा. बाओफेंगचा नेहमीचा संच त्यात बसत नाही, तेव्हा साधा पीएमआर घ्या. स्वतःची बंदूक घेतलीत की लिथियम-पॉलिमर बॅटरीला बॅलन्स चार्जरच (सगळे सेल सारखे भरणारा) हवा: 1300 मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीला 1.3 अँपिअर, समोर बसून, न जळणाऱ्या पिशवीत. ठेवताना प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर, 3 च्या खाली कधीच नाही. पहिल्या बंदुकीला 7.4 व्होल्टची पुरते, 11.1 लावून गिअर आणि ट्रिगरचे कॉन्टॅक्ट खराब करून घेणारे दर हंगामात दिसतात.

आणि रेल्वेनं जाताना बंदूक बंद, कुलूपबंद बॅगेत, बॅटरी वेगळी. स्टेशनवर मित्राला दाखवायलाही बाहेर काढू नका. सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी नकली बंदूक बाळगणं 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे, आणि बघणाऱ्यानं फोन केला तर येणारे पोलीस सशस्त्र असतात. लष्करी कपडेही साइटवर पोहोचूनच बदला.