पिकअप खोल पाण्यातून नेताना काय काळजी घ्यावी?

आधी पाणी वाहतंय का ते बघा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. 60 सेंटीमीटर वाहतं पाणी पिकअपलाही ढकलून नेतं, आणि हौदा रिकामा असेल तर मागची बाजू आधी उचलली जाते.

साचलेलं पाणी काठीने मोजा. टोयोटा हायलक्ससाठी कंपनीने दिलेली पाण्याच्या खोलीची मर्यादा 700 मिलिमीटर आहे. तुमच्या गाडीची मॅन्युअलमध्ये मिळेल. आकडा नसेल तर पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तरच गाडी घाला.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर लो रेंज (कमी वेग, जास्त ताकद देणारी सेटिंग) लावा, नाहीतर पहिला गिअर. आत शिरताना सावकाश, मग चालण्याच्या वेगाने एकसारखं जा. बंपरपुढे छोटी लाट तयार होते, तिच्यामागे बोनेटखालचं पाणी थोडं उतरतं. मध्येच क्लच दाबू नका, गिअर बदलू नका.

इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, कृपा करून! सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा.

बाहेर आल्यावर हलके ब्रेक दाबत ते सुकवा. डिफरेन्शियलचं (चाकांच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, लगेच बदला.